टॉली ब्रॅनिगनने टेकडीवर नेलेल्या मेंढ्यांबाबत

मरंबी क्रॉसिंग पोलीस ठाणे, न्यू साउथ वेल्स. शुक्रवार, १७ मार्च १९२२, सकाळी अकरा.

नाव: ईडिथ पेनगेली. वय: ४४ वर्षे. धंदा: मेंढीपालन. राहणार: मरंबी ओढ्याकाठचे सखल कुरण. सध्या घर नाही, मुक्काम टेकडीवर तंबूत.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कॉन्स्टेबल मॅकआयव्हर यांनी विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती सायलस आणि सासूबाई थर्झा, वय ८१, असे तिघे राहत होतो. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. आमच्या दोनशे बारा मेंढ्या होत्या. दुसरे उत्पन्न नाही.

मंगळवार, १४ तारखेस सकाळी साडेपाचला मी कुरणात गेले असता कुंपणाची तार कापलेली दिसली. आत एकही मेंढी नव्हती. खुरांच्या मागाबरोबर टाच नसलेल्या डाव्या बुटाचा ठसा टेकडीकडे गेला होता. असा बूट आमच्या भागात एकाच माणसाचा आहे.

टॉली ब्रॅनिगन यास मी वीस वर्षे ओळखते. त्याने एकच आंधळी घोडी तिघांना विकली, त्यांपैकी एक पाद्री. लोकर कातरणारे त्याच्यावर गाणे म्हणतात. ते त्यानेच रचले असावे, कारण गाण्यात तो देखणा आहे. ‘टॉली गेला, मेंढ्या गेल्या, उरलं रिकामं कुंपण’ असे ते आहे. पुढची ओळ पोलिसांबद्दल असल्याने मी सांगत नाही.

पती म्हणाले, “पाय ठणकतोय गं. उद्या बघू.” मी म्हणाले, “उद्या त्या दुसऱ्याच्या नावावर लागतील. उठा.” सासूबाईंना एकटे ठेवता येईना, म्हणून त्यांना गादीसकट गाडीत घातले. त्या वाटभर ओरडत होत्या, “मला माझ्या घरात मरू द्या! गाडीत कसलं मारताय?” फाटकाशी टपालवाला भेटला. टॉलीला धरा, असा निरोप मी त्याच्याकडे ठाण्यासाठी दिला. तीच माझी तक्रार. आकाशात ढग नव्हता.

दुपारी बाराच्या सुमारास टेकडीवरच्या जुन्या दगडी मेंढवाड्यात मेंढ्या सापडल्या. टॉली दगडावर बसून चहा पीत होता. शेजारी सुरी होती. पतींनी गाडीतली बंदूक उचलली. टॉली उठला नाही. तो म्हणाला, “या, सायलसदादा. बाईसाहेब, बसा. आजींना पण आणलंत? सहलीला निघालात वाटतं!”

पती म्हणाले, “चोरा, मेंढ्या माझ्या आहेत.”

“तुमच्याच आहेत हो. मी कुठं नाही म्हणतोय? हवा बदलायला आणल्यात.”

मी त्यास जे बोलले ते येथे लिहून घेऊ नये.

तेवढ्यात खालून आवाज आला. मला वाटले, वारा. पतींच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. आम्ही कड्यापाशी गेलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला असावा. तांबडे पाणी कुरणभर पसरले होते. आमचे छप्पर दिसत होते. मग ते हलले, थोडे फिरले आणि गेले. सासूबाईंची खोली ओढ्याच्या बाजूला होती.

पतींनी बंदूक खाली ठेवली. टॉलीचे तोंड पांढरे पडले होते आणि चहा त्याच्या पायावर सांडला तरी त्यास कळले नाही. नंतर सासूबाई गाडीतून म्हणाल्या, “ए चोरट्या, चहा उरलाय का?” त्याने त्यांना डोके धरून पाजला. मी गाडीच्या चाकाला टेकून बसले होते.

पुढे रंग परतल्यावर टॉलीने सांगितले की, मुंग्या झाडावर चढताना पाहून त्यास पूर येणार हे कळले आणि शेजारधर्म म्हणून त्याने मेंढ्या वर नेल्या. तो म्हणाला तसे मी सांगितले.

मग तार का कापली, असे विचारता, फाटक कुरकुरते, सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून, असे त्याचे म्हणणे आहे. अकरा मेंढ्यांच्या कानांवरच्या मालकीच्या खुणा नव्याने कापलेल्या आहेत, हे खरे. काटेरी तारेत अडकून कान फाटतात. अकराही सारखेच फाटले, हेही खरे.

माझी टॉली ब्रॅनिगनविरुद्ध तक्रार नाही. दिलेली तक्रार मी मागे घेते. बुधवारी दिवसभर त्याने आमच्यासाठी तंबू उभा केला आणि राखेत भाकर भाजली. भाकर कच्ची होती. सासूबाई दोन घास जास्त जेवल्या.

गुरुवारी सकाळी तो निघून गेला. कोणत्या दिशेने, ते मला सांगता येणार नाही. मी पाठमोरी होते.

मेंढ्या आज मोजल्या, दोनशे अकरा आहेत. आमचा सर्वांत चांगला मेंढा नाही. तो पुरात गेला असावा. पूर टेकडीवर आलाच नाही, मग तो बुडाला कसा, असे कॉन्स्टेबलसाहेबांनी विचारले. मेंढा हट्टी होता.

हे सर्व माझ्या तोंडून ऐकून लिहिले आहे. मला दोनदा वाचून दाखवले, दुसऱ्यांदा कॉन्स्टेबलसाहेबांना हसू आवरल्यावर. बरोबर आहे.

सही: ईडिथ पेनगेली