अण्णांच्या पानाचे गोल कोपरे

एक ओळ हो! तुम्हाला सांगतो, एक ओळ! ज्या गोल कोपऱ्यांपायी मी माझ्या उमेदीचे तीन आठवडे घालवले, ते आमच्या कन्येनं गेल्या महिन्यात, एका हातात सफरचंद धरून, दुसऱ्या हातानं एका ओळीत करून दाखवले, आणि वर मला विचारते कशी, "बाबा, ह्यात अवघड काय होतं?" काय होतं! अगं, तुझा तेव्हा जन्म... नाही, झाला होता जन्म, तीन वर्षांची होती, माझ्या मांडीवर बसून माउसची वायर चावायची. आता तीच मला शिकवते.

बरं, तुम्ही म्हणाल, कोपरे गोल नसते तर काय बिघडलं असतं? अहो, त्या काळी, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी, वेबसाइटवर चौकोनी डबा दिसला की गिऱ्हाइकाचं तोंड आंबट! "जरा सॉफ्ट करा ना..." सॉफ्ट! आणि सीएसएस, म्हणजे पानाला कपडे घालायची ती भाषा असते ना, तिला गोल कोपरा ठाऊकच नव्हता. मग आम्ही काय करायचो? कोपऱ्यांची चार चित्रं काढायची, नखाएवढी, आणि डब्याच्या चार टोकांना चिकटवायची. मजकूर वाढला की डबा वाढायचा आणि कोपरे जागच्या जागी लटकत राहायचे! मग आली प्लगइनं. जावास्क्रिप्टमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा, आणायचा, जोडायचा, झालं. झालं कसलं डोंबल! कोपऱ्यांचं प्लगइन वेगळं, सावलीचं वेगळं, फोटो सरकवायचं वेगळं. आणि ही सगळी ज्या तयार कोडच्या जोत्यावर उभी राहतात ती लायब्ररी, फोटोवाल्याला हवी तिची जुनी आवृत्ती, सावलीवाल्याला नवी. मी दोन्ही आणल्या! एकाच पानात! दोन जावा एका ओट्याशी, आणि मी मध्ये, एकीचं दुसरीला कळू न देता... पण चाललं की! इतकी वर्षं चाललं! आणि आता म्हणे, एक ओळ.

थांबा, पान कुणाचं होतं ते राहिलंच. अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अख्खा रस्ता त्यांच्या हातचा होता हो, चपलांचं दुकान, दवाखाना, शिवणाचा क्लास, कुलपं दुरुस्त करणारा, सगळ्यांची अक्षरं अण्णांची. त्यांना नावानं कुणी हाक मारायचंच नाही, सगळे "पेंटर" म्हणायचे. मग छापील पाट्या आल्या आणि ह्यांच्या उतरायला लागल्या. अण्णा संध्याकाळी फिरून आले की चपला काढता काढता सांगायचे, "आज दवाखान्याची गेली." घरातलं माणूस गेल्यासारखं! मला ते ऐकवेना. मी कॅमेरा घेतला, उरल्यासुरल्या एकतीस पाट्यांचे फोटो काढले आणि म्हटलं, अण्णा, तुमचं एक पान करतो. आज त्या रस्त्यावर त्यातली एकही नाही. आहेत त्या पानावरच आहेत.

आणि ते पान करताना माझ्या खुर्चीमागे कोण उभं? पेंटर! लाकडी फूटपट्टी घेऊन!

"डावीकडे जास्त सुटलंय."

"अण्णा, मथळा बरोब्बर मध्ये आहे. कॉम्प्युटरनं मोजलंय."

"कॉम्प्युटरला डोळे आहेत?"

आणि लावली की फूटपट्टी स्क्रीनला! दोन्हीकडे सारखं भरलं. मी खूश. तर म्हणतात, "पट्टीला काय कळतंय? अक्षरांचं वजन उजवीकडे आहे. तीन केस डावीकडे घे." तीन केस! मी तीन पिक्सेल सरकवला, चरफडत, आणि तुम्हाला सांगतो... मथळा असा बसला, असा बसला! मग दोन दिवसांनी, "ऊन कुठून येतंय?" म्हटलं, कुठलं ऊन? "मथळ्याची सावली उजवीकडे पडलीय, बटणाची डावीकडे. एका पानावर दोन सूर्य?" आता ह्यांना कसं सांगू, की सावल्यांची प्लगइनंच दोन आहेत! एक सूर्य मावळवायला माझा अख्खा रविवार गेला. तेव्हा फार चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर माझं काम इतकं जवळून कुणी पाहिलं नाही हो. गिऱ्हाइकं पाहतात, साहेब पाहतात, पण ऊन कुठून येतंय असं कुणीही विचारलं नाही. फार चांगले दिवस होते ते.

तर गेल्या महिन्यात अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चार वर्षं सगळं धुरकट दिसत होतं त्यांना. डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलेलं, "पट्टी निघाली की पहिल्यांदा माझ्या पाट्या बघणार." पट्टी निघणार सोमवारी. मी शुक्रवारी सहज पान उघडलं... आणि पान आडवं! कोपरे गेलेले, सावल्या गेलेल्या, एकतीसच्या एकतीस पाट्या एकमेकींच्या अंगावर, वरची एक तेवढी दिसतेय! का? कारण ती लायब्ररी मी माझ्याकडे उतरवून घेतलीच नव्हती, दुसऱ्या कुणाच्या तरी पत्त्यावरून रोज उसनी आणत होतो, आणि तो पत्ता बंद झाला. अहो, मला त्या वेळी वाटलं होतं, इंटरनेटवरचं कुठं जातंय!

दोन दिवस झटलो. एक प्लगइन जागेवर बसवावं तर दुसरं उठतं. रविवारी दुपारी कन्या खुर्ची ओढून बसली आणि माझ्या कोडमधल्या टिपा मोठ्यानं वाचायला लागली. "'हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.' बाबा, हे तुम्ही लिहिलंय?" आणि लावला की हात! कोपऱ्यांचं प्लगइन काढलं, एक ओळ! सावलीचं काढलं, एक ओळ! मी ओरडतोय, "अगं, ते नको काढूस, त्याच्यावर सगळं उभं आहे!" तर म्हणते, "काय उभं आहे, बाबा?" खरंच, काहीच उभं नव्हतं. फोटो सरकवायला तिला पाच-सहा ओळी लागल्या, तेवढाच काय तो माझा मान राहिला.

मग एका ओळीवर बोट ठेवून थांबली. "इथे लिहिलंय, 'मथळा तीन पिक्सेल डावीकडे. अण्णा म्हणाले.' हे ठेवू?" म्हटलं, ठेव. "अजून आहे. 'सगळ्या सावल्या एकाच बाजूला. अण्णा.'" अशा नऊ टिपा निघाल्या. बाकी दोन हजार ओळी तिनं झाडून टाकल्या, पण त्या नऊ टिपांना धक्का लावला नाही. मी उगाच चहा टाकायला उठलो.

सोमवारी पट्टी निघाली. अण्णा टेबलाशी बसले, नाक स्क्रीनला टेकेल इतके वाकून. पहिली पाटी बघितली. दुसरी. तिसरी. मी खुर्चीमागे उभा, कन्या नखं खातेय. चौथ्या पाटीवर बोट ठेवलं.

"हे मी काढलंय?"

"हो, अण्णा. तुम्हीच."

"शेवटच्या अक्षराचं पोट सुटलंय बघ. आणि ही रेघ? थरथरलीय! इतकी वर्षं लोकांनी हे बघितलं आणि मला कुणी बोललं नाही?"

"अण्णा, ती पाटी भंगारात जाऊन बारा वर्षं झाली."

"गेली कुठे? ही काय, समोर आहे. नीट कर."

कन्या समजावायला गेली, "आजोबा, तो फोटो आहे. तो कोडनं नीट होत नाही." तर म्हणतात, "मग हातानं करा!"

झालं! तेव्हापासून रोज सकाळी ठोक्याला आठ वाजता पेंटर माझ्या शेजारी हजर. फोटोतलं एकेक अक्षर मी माउसनं खोडतो, काढतो, पुन्हा खोडतो. महिना झाला, दुसरी पाटी चालू आहे. आणि काल, मी पन्नास वर्षांचा घोडा समोर बसलेला असताना, कन्येला सांगत होते, "तुझ्या बापाचा हात तसा बरा आहे. वर्षभरात तयार होईल."