वॉशिंग्टन कोणत्या गटाचा?

मुरगूडच्या गाडीचा पत्ता नव्हता, पण हाफिजाला त्याचं काही वाटेना. रांगेत तिच्या पुढं गावच्या हायस्कुलातले सोमशेखर सर आणि शेतकरी भरमाप्पा उभे होते, आणि त्यांचं बोलणं रंगात आलं होतं.

"सर, तोंड का उतरलंय?"

"नोटीस आलीय, भरमाप्पा. वर्गात वॉशिंग्टन शिकवला म्हणून."

"त्यो कोण आनि?"

"अमेरिकेचा पहिला अध्यक्ष. दोनदा झाला आणि तिसऱ्यांदा स्वतःहून नको म्हणाला."

"आजारी होता व्हय?"

"धडधाकट होता."

"मग पोरगं उभं केलं आसंल."

"पोरगंच नव्हतं. घरी जाऊन शेती बघायला लागला."

"ऊस?"

"गहू."

"मग त्याला काय राजकारण कळणार!"

"जाताना सांगून गेला, गटबाजी करू नका, देश बुडंल."

"ह्यात नोटीस काढण्यासारखं काय हाय?"

"आमच्या संस्थेचे अध्यक्ष सहाव्यांदा उभे हायत की! पोरांनी घरोघर सांगितलं, अध्यक्षानं दोनदाच व्हायचं असतंय."

"आरं तिच्या! मग नोटिशीत काय म्हणत्यात?"

"सदर वॉशिंग्टन कोणत्या गटाचा, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करा."

"लिवा की मग, कुठल्याच गटाचा न्हाय म्हणून."

"तेच लिहून दिलं. कागद आज परत आला."

"का?"

"त्यावर अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं शेरा मारलाय, 'म्हणजे विरोधी गटाचा.'"