धाकट्याच्या कोटाचे अस्तर

जबाब देणार : शिंपी, वस्तीत ‘टाकेमास्तर’ म्हणून ओळख, वय ६१, राहणार गोदीजवळ, दोरखान्यामागची इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी स्वतः चौकीत येऊन सांगतो की, वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेला इसम माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. वय ४६. समुद्रापलीकडून इथे येऊन त्याला तीन वर्षे झाली. दोन्ही किनाऱ्यांवर बादशहा एकच, तेव्हा आपण इथलीच प्रजा, असा आमचा समज होता.

गेल्या शुक्रवारी सकाळी दहाची शिटी झाली तेव्हा तो कामाला आहे त्या वाफेच्या धुलाईखान्याच्या फाटकात उभा राहिला, तो दोन तास हलेना. शिपायाने इस्पितळात नेला. तिथल्या कारकुनाने मला विचारले, “हे कधीपासून?” भाऊ मारकुटा नाही हे कळावे म्हणून मी म्हणालो, “साहेब, लहानपणापासूनच असा. मुंगीलासुद्धा वाट देईल.” कारकून हसला, म्हणून मला धीर आला. त्याने लिहिलेले वाचून दाखवले. मी मान डोलावून सही केली.

घरी धाकट्याची बायको म्हणाली, “अहो भाऊजी, काय करून बसलात! येण्याआधीपासून वेडा निघाला तर बोटीत घालून परत पाठवतात. तिकडे आपलं उरलंय कोण?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोट गुरुवारी आहे. आज मंगळवार.

खरे असे की, तो येताना धडधाकट होता. मागच्या वर्षी धुलाईखान्यात वाफेची नळी शिटीसारखी वाजत फुटली. शेजारचा गडी त्याच्या हातांत गेला. तेव्हापासून शिटी ऐकली की तो थिजतो.

तो बोटीतून उतरला तेव्हा बंदरावरच्या डॉक्टरने ‘निरोगी’ असा शिक्का मारलेला कागद त्याच्याजवळ आहे. वस्तीतल्या सगळ्यांचे कागद मीच कोटाच्या अस्तरात शिवतो. पेटी चोरीला जाते, अंगावरचा कोट जात नाही. याचा डाव्या काखेखाली आहे, लाल दोऱ्याने. इस्पितळात आलेल्याचे कपडे उकळायला नेतात, हे मला काल कळले. नेले का, असे विचारले. कोणी सांगितले नाही.

हवालदारसाहेबांनी समज दिली की, दोन जबाबांपैकी एक खोटा ठरणार, आणि खोटे लिहून देणाऱ्यालाही त्याच बोटीत जागा आहे. मला इथे चोवीस वर्षे झाली. समज मिळाली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. ‘येताना धडधाकट होता’ ही ओळ मी पुन्हा वाचायला लावली. ती बरोबर आहे. मागची माझी चूक. सही करतो. कोट सापडल्यास कात्री लावू नये. टाका मी स्वतः उसवीन.