लाल टिकल्यांचे खण

आत्या : अगं, पण खेळण्यांच्या एकाही खणाला हात लावला नाही तिनं. मी जपमाळ घेऊन तिथंच कोपऱ्यात बसले होते, सगळं दिसत होतं मला.

आई : तेच तर सांगतेय ताई. तुमची भाची शहाणी झालीय आता. आधी या खोलीत पाऊल टाकायचं म्हणजे कसरत असायची.

आत्या : जप करताना इकडंतिकडं बघू नये म्हणतात. पण समोर पोर असलं की देवसुद्धा एक डोळा किलकिला करत असेल. आली बघ, खणांसमोर उभी राहिली. दोन्ही हात असे पाठीमागे, बोटं एकमेकांत गच्च अडकवलेली. एकेका खणात वाकून पाहिलं. अस्वलाच्या खणाला तर नाकच लावलं. मग गेली गॅलरीत आणि कपड्यांचे चिमटे घेऊन बसली.

आई : हल्ली चिमट्यांशीच खेळते. खेळू दे की. हरवले तरी जीव जात नाही.

आत्या : खेळू दे ना, मी कुठं नको म्हणतेय? घरात एवढी खेळणी, आणि पोर चिमट्यांशी बोलत बसते. मला नवल वाटलं, एवढंच.

आई : तुमचं 'नवल वाटलं' ऐकलं ना, की मला घाम फुटतो. त्यापेक्षा दुसऱ्यांच्या नणंदांसारखे टोमणे मारा. सोपं जाईल.

आत्या : टोमणे न मारण्याचा नेम आहे माझा, तुला माहितीय. खण घट्ट बसतात का गं? तिला ओढवत नसेल.

आई : हे बघा. करंगळीनं येतो बाहेर. दिवसभर आमचे हात लागून लागून गुळगुळीत झालेत. आमच्या औषधांच्या दुकानात नवी कपाटं आली तेव्हा मालक हे भंगारात देणार होते. मी म्हटलं, मला द्या. औषधं ठेवायची तिथं खेळणी ठेवू. आतलं सगळं दिसतं, धूळ जात नाही, मुंगी शिरत नाही.

आत्या : आणि या पट्ट्या कसल्या? अस्वल... आगगाडी... कासव... घोडा... चेंडू... अगं, हे मुळाक्षरांच्या क्रमानं लावलंयस की काय?

आई : मग? दुकानात तसंच असतं. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते सापडतं.

आत्या : तुला सापडतं. तिला वाचता कुठं येतंय?

आई : येईल की पुढं.

आत्या : तोवर बिचाऱ्या हत्तीनं शेवटच्या खणात बसून राहायचं?

आई : हसा तुम्ही. पण वाचता नाही आलं तरी दिसतंय ना आतलं? तिला हत्ती कुठंय ते पक्कं ठाऊक आहे. विचारलं तर बोट दाखवते. काढत नाही फक्त.

आत्या : विचारलं होतंस म्हणजे. तुलाही नवल वाटलं होतं तर.

आई : वाटलं होतं.

आत्या : मग? कुणाला सांगितलंस का?

आई : ताई, तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही. ते आधीच कामावरून दमून येतात.

आत्या : मला सांग.

आई : सुरुवातीला मला अभिमानच वाटला. शेजारच्या काकूंना बोलावून खोली दाखवली. त्या म्हणाल्या, या घरात लहान मूल आहे असं वाटतच नाही. मी ते कौतुक म्हणून ऐकलं! आणि परवा बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. तिथंही नवं कपाट आलंय, खणाखणाचं. म्हणाल्या, सगळी मुलं ठोकळ्यांवर तुटून पडतात, ही हात मागे बांधून उभी राहते. कुणी हातात दिलं तर खेळते, आपणहून घेत नाही. एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाल्या. उद्याची वेळ मिळालीय.

आत्या : एवढं पोटात ठेवून मला सकाळपासून खोली दाखवत होतीस?

आई : काय करू मग? रात्री ती झोपली की मी बघत बसते. खाते नीट, बोलते नीट, हसते. मग हे मधेच काय झालं? एवढी धसमुसळी पोर होती ताई. मीच नाव ठेवलं भिंगरी. आता भिंगरी एका जागी उभी असते.

आत्या : रडू नकोस. डॉक्टरांना दाखवायचं तर दाखवू, त्यात काही वावगं नाही. पण तिला कुणी विचारलंय का?

आई : मी विचारलं. 'नको' म्हणते. पुढं काही नाही.

आत्या : तुझं विचारणं मला ठाऊक आहे. थांब. भिंगरे! अगं ए भिंगरी! इकडं ये बरं, आत्याला तुझे चिमटे दाखव.

भिंगरी : त्यांना हलवू नकोस हं. रांगेत उभे आहेत.

आत्या : अरे वा. कशाची रांग?

भिंगरी : दुकानाची. हा निळा पहिला आहे. हा मोडका आहे ना, तो आजोबा. त्याला बसायला दिलंय.

आत्या : आणि काय घ्यायला आलेत सगळे?

भिंगरी : अस्वल.

आत्या : सगळ्यांना अस्वलच हवंय? मिळालं का कुणाला?

भिंगरी : नाही. मी म्हटलं, उद्या या.

आई : अगं, उद्या कशाला? अस्वल तिथं तर आहे, खणात. घे ना.

भिंगरी : नको.

आई : का नको? भीती वाटते? दुखतंय का कुठं? कुणी काही बोललं का तुला? बालवाडीत कुणी...

आत्या : अगं, हळू. तिला श्वास घेऊ दे. भिंगरे, आईला राहू दे. मला सांग, निळ्यानं काय कमी केलं होतं? पहिला उभा होता, तरी अस्वल नाही मिळालं?

भिंगरी : त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती.

आत्या : कसली चिठ्ठी?

भिंगरी : आत्या, तुला काहीच माहीत नाही! लाल टिकली आहे ना खणावर. लाल टिकलीच्या खणाला हात नाही लावायचा. चिठ्ठी असली तरच आतलं मिळतं. आई सगळ्यांना सांगते. 'चिठ्ठीशिवाय नाही मिळणार हं आजोबा, कितीही ओळखीचे असलात तरी.'

आई : अगं, ते दुकानात!

भिंगरी : हे दुकानातलेच आहेत.

आत्या : आहेत खरे. पण ही लाल टिकली... ही दुकानातूनच लावून आली होती?

आई : नाही... मी लावली. इथं आल्यावर. दुकानातल्या चिकट टिकल्यांची गुंडाळी उरली होती पर्समध्ये. पट्टीच्या टोकाला बरी दिसते म्हणून... ताई, शोभेसाठी लावली हो मी!

आत्या : दुकानात कशाला असते?

आई : जी औषधं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय द्यायची नाहीत, त्यांच्या खणांना.

आत्या : आणि इथं सगळ्यांना.

आई : सगळ्यांना. कासवालासुद्धा.

भिंगरी : मी एकदाही लावला नाही हात. बघ आत्या, मी असे मागे ठेवते.

आत्या : दिसलं मला बाळा. आणि चिठ्ठी कोण देतं?

भिंगरी : डॉक्टर. पण आपण आजारी असलो तर. मी बरी आहे ना, म्हणून मिळत नाही. मी बुधवारी खोकले होते.

आई : म्हणजे... बुधवारचा तो खोकला...

भिंगरी : मोठ्यानं खोकले. मग तू औषधच दिलंस. कडू.

आत्या : अरे देवा. हसू की काय करू?

आई : मी दोन चमचे पाजलं ताई. नाक धरून.

आत्या : मग पुन्हा नाही खोकलीस?

भिंगरी : नाही! परत कडू देईल ती.

आई : भिंगरी, राणी, ऐक. तू मला का नाही गं विचारलंस? 'आई, अस्वल देतेस का?' एवढंच म्हणायचं. मी लगेच दिलं असतं.

भिंगरी : तू रडतेस.

आई : मी? कधी?

भिंगरी : दुकानात. मी गुलाबी गोळ्या घेतल्या होत्या, लाल टिकलीच्या खणातून. तू ओरडलीस. मग तू खाली बसलीस आणि रडलीस. तोंडात बोट घालून बघत होतीस माझ्या.

आत्या : हे कधी झालं?

आई : सुट्टीत. तिला सांभाळायला कुणी नव्हतं, तर दुकानात नेलं होतं. मी गिऱ्हाइकाशी बोलत होते, वळून पाहिलं तर हातात गोळ्यांची पट्टी. गिळली नव्हती एकही. पण ते कळायच्या आधीच मी ओरडले ताई. मी असं कधीच ओरडले नव्हते तिच्यावर. त्यानंतरच्याच रविवारी हे खण घरी आणले.

भिंगरी : आणि आपल्या खोलीत लावले. मग मी घेतलं की तू इथं पण रडशील.

आत्या : अगं बाई...

भिंगरी : आत्ता पण रडतेय बघ. मी हात लावला नाही, तरी!

आई : तुझ्यामुळं नाही रडत. माझ्या शहाणपणामुळं रडतेय. ये इकडं. नख घाल या टिकलीच्या कडेला. असं. ओढ. निघाली ना?

भिंगरी : फाटली.

आई : फाटू दे. दुसरी काढ. ताई, तुम्ही खालच्या काढता?

आत्या : काढते. पण गुडघा दुमडला की परत उठायला कुणीतरी हात द्या मला. उद्याचं काय करायचं मग?

आई : आधी बालवाडीत जाऊन येते. त्यांच्या कपाटावर काय चिकटवलंय ते या डोळ्यांनी बघते. बाईंना सगळं सांगते. मग लागलं तर डॉक्टर. हं, ही शेवटची. झालं! एकही लाल टिकली नाही. हे दुकान नाही आता, हे तुझे खण. घे.

भिंगरी : अस्वल घेऊ?

आई : घे ना.

भिंगरी : आणि आगगाडी? आगगाडी घेऊ?

आई : घे गं, खुशाल घे.

भिंगरी : हत्ती घेऊ?

आई : घे...

आत्या : थांब. अगं, काय चाललंय तुझं?

आई : काय चुकलं आता? देतेय की सगळं.

आत्या : देतेयस, म्हणून तर ती मागतेय. दर वेळी तू 'घे' म्हणणार आणि मग ती हात पुढं करणार. तुझं 'घे' म्हणजे तीच चिठ्ठी झाली की. उद्या बालवाडीत तिला 'घे' म्हणायला तू असणार आहेस का?

आई : मग मी काय करू?

आत्या : काही करू नकोस. इथं माझ्याशेजारी बस. आणि बोलू नकोस.

आई : तिनं विचारलं तर?

आत्या : तरी नाही. हसलीस तर चालेल.

भिंगरी : आई, ठोकळे घेऊ?... आई? ठोकळे... आत्या, आई का बोलत नाही?... तू पण नाही बोलत?... आई, तू रागावलीस?... नाही. हसतेयस. डोळे ओले आहेत, पण हसतेयस... मी इथं उभी राहू?... मी कासवाचा खण थोडासाच उघडते हं. एवढासा... काही नाही म्हणालीस... अजून थोडा...

(खण उघडल्याचा आवाज. मग दुसरा. मग पाठोपाठ तीन-चार, आणि ठोकळ्यांचा ढीग फरशीवर ओतल्याचा.)

भिंगरी : कासवा, तू इकडं. हत्ती, सरक ना जरा, जाडोबा! सगळ्यांनी बाहेर यायचं. हो, आई बघतेय. बघू दे.