बॉनेटवरची थाप

—टोपली तिथंच राहू दे गं नेवीन, दाराशी. टोपली दिसली की ही चुलीमागं शिरते, मग दिवसभर बाहेर येत नाही. बस की. चहा घे, साखर तिथं आहे.

हो, पिवळी आहे. इस्तंबूलमध्ये पिवळ्या मांजरी काय कमी आहेत? तुमचीच दालचिनी कशावरून? फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. हिचं नाव— नाव ठेवलंच नाही. सात महिने झाले येऊन. राहून गेलं.

वरून धडधाकट होती, जरा तिरकी बसायची एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाली, एक्स-रे काढू. तर काय—कमरेचं हाड मोडून आपलं आपणच वाकडंतिकडं जुळलेलं, दोन बरगड्यासुद्धा! दोन वर्षं जुनं म्हणे. रोज सकाळी गरम फडक्यानं शेकतो. गोळी नुसती खात नाही, कलेजीत लपवून द्यायची. जिना चढू द्यायचा नाही. तुमचं नवं घर चौथ्या मजल्यावर ना? बघ म्हणजे.

मारलं? छे, आपल्या गल्लीत मांजराला कोण मारतंय! गाडीनं झालं असणार. थंडीत ऊब शोधत इंजिनात शिरतात—म्हणून तर सकाळी आधी बॉनेटवर थाप मारायची, मगच चावी. शेंबडी पोरंसुद्धा जाताजाता मारतात. तीस वर्षं टॅक्सी चालवली, एक दिवस चुकलो नाही. एकच दिवस— बर्फ होतं, हात खिशात होते. काढायचा कंटाळा केला. एवढंच गं.

अशी बघू नकोस माझ्याकडं. आवाज आला तसा मी उतरलो, बॉनेट उघडलं—आत कुणी नव्हतं. इंजिनाच्या पट्ट्याला पिवळे केस होते. ते पुसले. आणि संध्याकाळी तुझी आई वाटी घेऊन दालचिनी, दालचिनी करत फिरत होती, तू रडत होतीस, तेव्हा मीही फिरलो तुमच्याबरोबर! बॅटरी घेऊन! प्रत्येक गाडीखाली वाकून बघितलं—माझी सोडून. टॅक्सी विकली ती गुडघ्यांमुळं, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघ्यांना काय धाड भरलीय माझ्या?

मग या वसंतात ही दारात येऊन बसली. माझ्याच दारात! आणि माझ्याच मांडीवर झोपते, वेडी. लाज वाटते मला, आणि उठवतही नाही. रिकामं घर आहे गं, दुसरं कोण आहे मला—

बरं. हाक मारून बघ. मार ना! सात महिन्यांत मी ते नाव एकदाही उच्चारलं नाही हिच्यासमोर. भीती वाटायची, आली तर? मार एकदाची.

...

आली.

बघ कशी शेपटी वर करून आली. माझ्याकडं अशी कधी आली नाही. तशी नको उचलू! कमरेखाली हात दे—हां, अस्सं. गोळ्या फळीवर आहेत, ते शेकायचं फडकंही घे, तिला तेच लागतं. रडतेस कशाला? जा आता. आईला सांग... नको, काही सांगू नकोस. सांग, सगळं सांग.

गाडी समोरच लावलीयस ना? थांब. तू तिला घेऊन आत बस.

थाप मी मारतो.