मारुतीचा लेसर

डोळ्याच्या लेसरचं म्हणता, तर आमच्या मारुतीचं ऐका. पोरगा सेहेचाळीस वर्षांचा, बेळगावच्या शहापुरात घरच्याच मागावर साड्या विणतो. चष्मा घालवायचाच, म्हणून महिनाभर त्याला चैन नव्हतं. बेळगावात दोन दवाखाने झाले, कोल्हापुरात एक. तिघांनी तीन तऱ्हेचे लेसर सांगितले. चौथ्याकडे मी बरोबर गेलो.

डॉक्टर म्हणाले, "लांबचं चष्म्याशिवाय लख्ख दिसेल."

मी विचारलं, "आणि जवळचं?"

"या वयात जवळच्याला चष्मा लागणारच."

मारुती चरकला. "आत्ता चष्मा काढला की जवळचं सगळं दिसतंय की! तुटलेला धागा तसाच सांधतो मी."

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. "तुम्ही तर बिझनेस लिहिलंय."

"विणकर हाय त्यो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग हा चष्माच बरा."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरं का लिवलं न्हाईस रं?"

"आप्पा, विणकर म्हटल्यावर हलकंच ऑपरेशन गळ्यात मारतील, असं वाटलं."

"व्हय. भारीतलं करून घेतलं असतंस, आन् धागा सांधायला मला बोलावलं असतंस."