सातव्या पाठातली चूक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावर बसलेले कुलगुरू सर, विभागप्रमुख सर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आपल्या मॅडम, त्यांचे यजमान, आणि समोर जमलेले प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी मित्रहो,

मी रेकॉर्डिंग खोलीतला तंत्रज्ञ. माझं काम कॅमेऱ्यामागचं. माइक दुसऱ्यांना लावायचा, स्वतः बोलायचं नाही. पण मॅडम म्हणाल्या, "एक भाषण तुमचं हवं," आणि त्यांना नाही म्हणायची हिंमत या सभागृहात कुणात आहे?

पाच वर्षांपूर्वी ठरलं की, शैक्षणिक संशोधन पद्धतींचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ऑनलाइन करायचा. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना घरबसल्या शिकता यावं म्हणून. जबाबदारी मॅडमकडे आली. त्यांना तेव्हा ई-मेलला फाईल जोडतानाही मला हाक मारावी लागे. मॅडम, खरं तेच सांगतोय.

पहिल्या दिवशी त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बावन्न मिनिटं फळ्यावर लिहीत राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, इकडे बघून बोला ना."

"कुणाकडे बघू? हे यंत्र मान तरी डोलावतं का?"

मग मीच कॅमेऱ्याशेजारी स्टूल टाकून बसलो. ठरलं असं की, माझ्या कपाळावर आठी पडली की तो भाग पुन्हा घ्यायचा. नमुना निवड, प्रश्नावली, मुलाखत; मी डिप्लोमावाला माणूस, आठ्यांना तोटा नव्हता. एकेक पाठ चार-चार वेळा झाला. आवाज नको म्हणून पंखा बंद. मॅडम घामाघूम, पण कुरकुर नाही.

सातवा पाठ आकडेवारीचा. सरावासाठी खरी माहिती द्यायची म्हणून मॅडमनी स्वतःच्या प्रबंधातली दिली. तीस वर्षांपूर्वी दोनशे बारा मुलांवर केलेला अभ्यास. रोज गृहपाठ करणाऱ्या मुलांचं वाचन सुधारतं, असा त्याचा निष्कर्ष. मॅडमचं नाव झालं ते याच कामामुळे.

पहिल्या तुकडीत एकेचाळीस शिक्षक होते. त्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंनी स्वाध्यायाखाली लिहिलं, "एकतीस मुलांच्या नोंदी दोनदा आल्यासारख्या वाटतात. त्या वगळल्या तर दोन्ही गटांत फरक उरत नाही. माझंच चुकत असेल तर कृपया सांगावे."

मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग घरी गेल्या.

पुढचं मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. कपाटावरच्या जुन्या वह्या खाली निघाल्या. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर दोघं बसले. यजमान वाचायचे, मॅडम खुणा करायच्या. दुसऱ्या दिवशी यजमान वैतागून म्हणाले, "अगं, तीस वर्षांनी आता कोण विचारतंय?"

"विचारलं की! म्हणून तर बसलोय."

बाईंचं बरोबर होतं. एका शाळेचं पान हाताने उतरवताना दोनदा उतरलं होतं.

आता अडचण अशी की, आठवड्याभरात मान्यता समिती येणार होती. विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, दुसरी माहिती टाका आणि विषय संपवा." सर, आज तुम्ही हसताय म्हणून सांगायचं धाडस करतोय. आणि दोष एकट्या सरांचा नाही. मीही म्हटलं होतं, "पाच मिनिटांत फाईल बदलतो, कुणाला पत्ता लागणार नाही."

मॅडम आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, "आणि त्या बाईंना काय सांगू? की तुमचं चुकलं?"

मी फाईल तशीच ठेवली.

दुसऱ्याच दिवशी नवा पाठ रेकॉर्ड झाला. चूक काय, ती कशी झाली, कुणी शोधली, आता निष्कर्ष का टिकत नाही. मध्येच एका वाक्यावर मॅडम थांबल्या. पाणी प्यायल्या. मग मला म्हणाल्या, "हे कापू नका." ती चौदा सेकंदं अजून त्या पाठात आहेत.

समितीला ते मानवलं नाही. एक सदस्य म्हणाले, "अभ्यासक्रम-प्रमुखांचाच प्रबंध चुकीचा, मग अभ्यासक्रमावर विश्वास कसा ठेवायचा?" मान्यता वर्षभर लांबली. अधिष्ठातापदासाठी मॅडमचं नाव जवळजवळ नक्की होतं, तेही मागे पडलं, ते कायमचंच. एकेचाळीसपैकी नऊ जण अभ्यासक्रम सोडून गेले.

त्या प्राथमिक शाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होतो. त्या रडत होत्या. "मॅडम, हे सगळं माझ्यामुळे झालं हो."

"तुमच्यामुळे नाही. तीस वर्षं कुणी मोजलंच नाही, त्यामुळे झालं. मीसुद्धा नाही. बरं, आठवा स्वाध्याय कधी देताय? दोन दिवस उशीर झालाय."

बाईंनी स्वाध्याय दिला. वर्षाने मान्यताही आली. प्रबंधावरचा लेख जिथे छापला होता, त्या नियतकालिकाला मॅडमनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आलं. आजवर सहाशेच्या वर शिक्षक हा अभ्यासक्रम शिकले.

परवा मॅडम रेकॉर्डिंग खोलीची किल्ली परत द्यायला आल्या. इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं. "मॅडम, फाईल गुपचूप बदलून टाकावी, असं तेव्हा तुम्हाला कधी वाटलं का?"

मला वाटलं, ठाम नाही म्हणतील. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वाटलं ना. पहिले दोन दिवस सारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मोजून झालं. मग वाटायला जागाच उरली नाही."

मॅडम, तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना उत्तम आरोग्य लाभो. मला बोलायला उभं केलंत आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. माझी जीभ या कामाला सरावलेली नाही. एखादा शब्द वावगा गेला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. धन्यवाद.